वाट वाकडी करावी

आपल्या मराठीत 'वाट वाकडी करून येणे' असा एक फार चांगला वाक्प्रचार आहे. माणूस आपल्या कामाला सरळ रस्त्याने निघालेला असतो. मध्येच वळतो, आपल्या दारी येतो, तांब्याभर पाणी पितो, लेकरांच्या हातावर खाऊ ठेवतो, चार शब्द बोलतो आणि पुढे जातो. जुन्या माणसांना अशा पाहुण्याचे मोठे कौतुक असे. "वाट वाकडी करून आला हो!" असे ती पुढे चार दिवस सांगत राहत. आता रस्ते चौपदरी झाले, घरोघरी दुचाकी आली. वाट वाकडी करणारे मात्र कमी झाले. लग्न नाहीतर मयत, या दोनच वेळी नातेवाईक एकमेकांची तोंडे पाहतात. मधल्या काळात मोबाईलवरचा 'जय भीम' तेवढा चालू असतो.

वाचकहो, आज आम्ही एका प्रवासाची हकिकत सांगणार आहोत. प्रवास दोन दिवसांचा, दुचाकीवरचा आणि एकट्याचा. जायचे होते लवासाला. पण सांगण्यासारखे जे घडले ते लवासात नव्हे, त्याच्या अलीकडे, वळणावरच्या एका घरात घडले.

आमच्या कचेरीतली तरुण मुले लवासाचे फोटो दाखवीत होती. "भाऊसाहेब, एकदा जाऊन याच. अगदी फॉरेन!" आम्ही म्हटले, "अरे बाबांनो, ते फॉरेन म्हणजे आमच्या आईचे माहेर." मुले हसली. त्यांना ती थट्टा वाटली. पण खरोखरच आईचे माहेर मोसे नदीच्या खोऱ्यातले. ती लग्न होऊन दौंडला रेल्वेच्या चाळीत आली. धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, डोंगराच्या अलीकडे मुठा नदीच्या खोऱ्यात दिली. पुढे मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले आणि आईचे गाव पाण्यात गेले. मामाला धरणाच्या लाभक्षेत्रात, म्हणजे आमच्याच दौंड तालुक्यात, थोडी जमीन मिळाली. मामा खाली आला, मावशी वर राहिली. धरणाने भावंडे अशी दोन तालुक्यांत वाटली. आता आई नाही, मामाही नाही. त्या पिढीतली एकटी मावशी आहे, ऐंशीच्या घरातली.

शनिवार-रविवारची सुटी होती. मुलांच्या परीक्षा असल्याने घरचे कोणी येणार नव्हते. आम्ही एकट्यानेच निघायचे ठरवले. गाडीचे हवा-पाणी पाहिले, लायसन, विमा, पीयूसी पिशवीत घातले. घरच्यांनी मावशीसाठी एक नऊवारी, गुडघ्याला चोळायचे तेल आणि बाजरीचे पीठ बांधून दिले. पहाटे पाचला दौंड सोडले.

हिवाळ्यातली पहाट. पाटसच्या अलीकडे फटफटले तेव्हा दोन्ही अंगांना माळ दिसू लागला. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात 'प्रेअरी' हा शब्द होता. अमेरिका-कॅनडातली ती गवताची अफाट सपाटी. तिथे माणूस एकटाच मोटार घेऊन तासन्‌तास सरळ रस्त्याने जातो आणि दूरच्या गावी कोणी मावशी-आत्या असली तर तिच्याकडे उतरतो, असे वाचले होते. आपल्या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला देवाने नाही, पण दुष्काळाने असाच माळ ठेवला आहे. कुरकुंभ, सुपे, इंदापूरकडे हिवाळ्यात गवत पिवळे सोनेरी होते. सरकारी कागदात याला 'पडीक' म्हणतात. पण त्याच माळावर धनगरांची मेंढरे चरतात, चिंकारा हरणे आणि लांडगे राहतात. सुप्याजवळ १९९७ साली हरणांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. एकटा माणूस अशा माळावरून जाताना गाडीच्या आवाजाशिवाय काही ऐकत नाही, आणि मग डोक्यात जुन्या गोष्टी येतात.

आम्हाला मसूरची गोष्ट आठवली. बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या टिपणात लिहून ठेवली आहे. १९०१ साल. वडील सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुटीत वडिलांना भेटायला म्हणून लहानगा भीमराव आणि बरोबरची मुले साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. चिठ्ठी वेळेवर पोहोचली नव्हती, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. जात कळताच एकही गाडीवान बैलगाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. डबा बरोबर होता, पण वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. बापाला भेटायला जाण्याचा तो रस्ता! सगळे बदलले असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण त्या मुलांच्या वाट्याला जे आले ते आठवले की, आपल्या हाती स्वतःची गाडी असून आपण आपल्या माणसांकडे जात नाही, याला काय म्हणावे ते सुचत नाही.

चौफुल्याच्या आसपास गुऱ्हाळे आहेत. मावशीला दोन किलो ताजा गूळ घेतला, टपरीवर चहा घेतला आणि पुढे निघालो. यवत, उरुळी कांचन, लोणी. या सगळ्या टापूतला ऊस कालव्याच्या पाण्यावर उभा आहे. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड करीत इंदापूरपर्यंत जातो. त्या पाण्याचा हिशेब आमच्यासारख्या बी. कॉम. झालेल्याला पाठ असतो. खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१, असे चार धरणांचे मिळून २९.१५ टीएमसी. पुणे शहर पिते ते हेच पाणी आणि दौंडचा ऊस पितो तेही हेच. यात सगळ्यांत मोठा आकडा वरसगावचा, म्हणजे आईच्या माहेराचा. आम्ही दौंडहून लवासाकडे निघालो होतो, म्हणजे त्या पाण्याच्या उलट दिशेने चाललो होतो.

पुणे शहर ओलांडायला माळ ओलांडण्याइतकाच वेळ लागला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. वाहतुकीचे गाऱ्हाणे सगळ्यांना ठाऊक आहे. चांदणी चौक मागे टाकला की भूगाव, भुकूम, पिरंगुट. इथून एक रस्ता सरळ पौडवरून मुळशी धरणाकडे आणि ताम्हिणी घाटाकडे जातो. त्या मुळशीच्या धरणासाठी टाटा कंपनीने जमिनी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते आणि तेव्हापासून लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. सत्याग्रह तीन वर्षे चालला, माणसे तुरुंगात गेली, धरण झालेच. जमिनीचा आणि पाण्याचा हा झगडा मुळशीला नवा नाही.

आम्ही पिरंगुटला डावीकडे वळलो. उरवडे गेले, घाट लागला आणि खाली मुठा खोरे दिसले. दौंडला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. इथे घाटमाथ्यावर तो त्याच्या कितीतरी पट. सकाळी आम्ही बाजरीच्या देशातून निघालो होतो, आता भाताची खाचरे आणि नाचणीचे उतार लागले. पत्र्यांऐवजी कौले दिसू लागली. एकाच जिल्ह्यात एका दिवसात एवढा बदल!

मावशीचे घर रस्त्यापासून आत, बौद्धवाडीच्या टोकाला. ती ओट्यावर बसून पावटे सोलत होती. गाडीचा आवाज ऐकून तिने कपाळावर हात धरून पाहिले.

"कोन हाय?"

"मावशे, मी. दौंडवाला."

"आगं बया! माझ्या अक्काचा लेक!" मावशीने दोन्ही हातांनी आमच्या गालांवरून बोटे फिरवून कानशिलावर मोडली. मग पहिला प्रश्न, "एकटाच आलास? सून कुठाय?" आणि दुसरा, "जेवलास का?"

नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी आणि इंद्रायणीचा वाफाळता भात. जेवण झाल्यावर विधवा वहिनी भांडी घासायला गेल्या. वहिनींचा मुलगा, म्हणजे मावशीचा नातू, लवासातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तो पाळीवर गेला होता. मावशी उठली, ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि आमच्यासमोर ठेवली.

"तुला वाचाया येतंय. हे काय हाय ते सांग. सोमवारी अंगठा द्यायचाय."

पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाईप केलेली चार पाने होती. एक माणूस, कोण कुठला ते इथे सांगायचे कारण नाही, दोनदा घरी येऊन गेला होता. डोंगराच्या पलीकडे, बुडीताच्या वर, आजोबांचा दीड एकराचा वरकस तुकडा अजून शिल्लक आहे. त्याला मावशीचे नाव लावून देतो, असे तो म्हणाला होता. बाकीच्या सगळ्या वारसांच्या सह्या झाल्या आहेत, एक मावशीचाच अंगठा राहिला आहे, असेही म्हणाला होता. या 'सगळ्या वारसांत' आईचे वारस म्हणून आम्हीही येतो. आमच्या सहीची आम्हालाच खबर नव्हती!

चष्मा लावून आम्ही कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. ते कुलमुखत्यारपत्र होते. मावशीच्या हिश्श्याचा करार करणे, विक्री करणे, नोंदणी करणे आणि पैसे घेणे, हे सगळे अधिकार त्या माणसाला.

"मावशे, हा नाव लावायचा कागद नाही. नाव काढायचा आहे."

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग चुलीत घालू?"

"नको. जपून ठेव. पुरावा आहे. अंगठा मात्र द्यायचा नाही."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, त्याने गोड बोलून साखरेचा पुडासुद्धा दिला होता." मावशी म्हणाली, "पैशाचं काय न्हाय रं. पर आबाच्या जागेला माझं आन अक्काचं नाव लागावं, एवढंच वाटत हुतं." ऐंशी वर्षांच्या बाईची एवढी इच्छा आणि नेमका तिचाच फायदा घेतला जात होता.

आता थोडे कायद्याचे बोलतो, कारण हे एका मावशीचे प्रकरण नाही. आजोबांची जमीन महार वतनाची. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी वतनदार कुटुंबांना नव्या शर्तीवर परत मिळाल्या. सातबाऱ्यावर अशी जमीन 'भोगवटादार वर्ग २' म्हणून दिसते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. सरळ विकता येत नाही म्हणूनच कुलमुखत्यारपत्राची वाट शोधली जाते. दुसरी गोष्ट मुलींच्या हक्काची. १९५६चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा त्या कायद्याने आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला महाराष्ट्रात १९९४ साली आणि सबंध देशात २००५ साली मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. बहीण लग्न होऊन गेली म्हणून तो संपत नाही. तिने हक्कसोडपत्र नोंदवून दिले तरच संपतो. तेव्हा बहिणींनो, 'नुसती एक सही' म्हणून कोणी कागद पुढे केला, मग तो सख्खा भाऊ का असेना, आधी वाचून घ्या.

रात्री मुक्काम मावशीकडेच केला. ती उशिरापर्यंत बोलत होती. वैशाखात पाणी ओसरले की जुन्या गावातली जोती उघडी पडतात. त्यात आपले कोणते ते तिला अजून ओळखू येते. आई आणि ती नदीवर कुठे पोहायच्या, जात्यावर कोण काय गायचे, हे सगळे तिने सांगितले. हे सांगणारे आता दुसरे कोणी उरलेले नाही. सकाळी आम्ही म्हटले, "चल मावशे, मागे बस. लवासा बघून येऊ." ती म्हणाली, "पानीच तर हाय. म्या लई बगितलंय. तू जाऊन ये, जेवाया माघारी ये."

लवर्डे, टेमघरचे धरण, मग वळणावळणाचा चढ आणि खिंड ओलांडली की खाली लवासा. लवासा या नावाचे गाव इथे कधी नव्हते. हे दासवे गाव. राज्य सरकारने १९९६ साली नव्या थंड हवेच्या ठिकाणांसाठी नियम केले आणि २००१ साली इथली १८ गावे त्यासाठी जाहीर केली. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या पुढाकाराने शहर उभे राहू लागले. इटलीतल्या पोर्टोफिनो या मासेमारांच्या गावासारखी तळ्याकाठी पिवळ्या, तांबड्या, केशरी रंगांची घरे बांधली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण परवानगीच्या मुद्द्यावर काम थांबवले. वर्षभराने पहिल्या टप्प्याच्या २ हजार हेक्टरला अटींवर मंजुरी दिली. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आज तळ्याकाठी पर्यटक दिसतात आणि वर डोंगरउतारावर अर्धवट राहिलेल्या इमारती.

देखणे आहे, खोटे कशाला बोलावे? सकाळच्या उन्हात रंगीत घरांची पडछाया पाण्यात पडते तेव्हा माणूस थांबतोच. मावशीचा नातू पाळी संपवून भेटायला आला. त्याने आम्हाला काठाने फिरवले. तो म्हणाला, "काका, काम आहे तोवर बरं आहे. पण गिऱ्हाईक शनिवार-रविवारचं." वीस-बावीस वर्षांचा पोरगा, हॉटेलात इटालियन पदार्थ करायला शिकलेला. त्याच्या पणज्याचा तुकडा समोरच्या डोंगराच्या कुशीत आहे, हे त्याला ऐकून माहीत होते, पण गट नंबर माहीत नव्हता. आम्ही तो लिहून त्याच्या मोबाईलमध्ये ठेवला. इटालियन रंगाच्या घरांपुढे उभे राहून आम्ही दोघांनी आजोबांचा सातबारा पाहिला. उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. त्यांना वारून चाळीस वर्षे झाली.

दुपारी मावशीकडे जेवून आम्ही परतीला लागलो. तिने दोन पायली तांदूळ बांधून दिला. 'नको' म्हणण्याची सोय नव्हती.

पुढच्या आठवड्यात मामाच्या मुलांशी बोललो. त्यांच्याही सह्या झालेल्या नव्हत्या. सर्वांनी मिळून वारस नोंदीचा अर्ज केला आहे. मावशीचे नाव, आईच्या जागी आम्हा भावंडांची नावे आणि मामाच्या मुलांची व मुलीची नावे. काम सोपे आहे. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे पुरावे घेऊन तलाठ्याकडे (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज द्यायचा. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर नोंद मंजूर होते. कायद्याने वारसाने तीन महिन्यांत कळवायचे असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी.

वाचकहो, हा सारा खटाटोप सहा-सात लिटर पेट्रोलमध्ये झाला. हे काम फोनवर झाले नसते. मावशीला वाचता येत नाही, ती फोनवर काय सांगणार? "बरी हाय" एवढेच सांगितले असते, आणि सोमवारी अंगठा दिला असता. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे कुठल्या ना कुठल्या गावात आहेत. आपण गिरणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत आलो. गावात म्हातारी माणसे आणि जुने उतारे राहिले. त्या दोघांकडेही कोणी तरी जाऊन पाहिले पाहिजे.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. पुढच्या सुटीत महाबळेश्वर, लवासा, कोकण कुठेही जा, आनंद करा. पण निघण्याआधी त्या रस्त्यावर आपले कोण राहते ते घरातल्या मोठ्यांना विचारा. एकट्याने जायचे असेल तर पहाटे निघा, हेल्मेट घाला. मुळशीच्या घाटात भर पावसात जाऊ नका, दरडी येतात. गाडी नसेल तर एस.टी. आहे. डिजिटल सहीचा सातबारा आता पंधरा रुपयांत मिळतो, तो काढून बरोबर घ्या. मुलांना नेता आले तर न्या, म्हणजे त्यांना गट नंबर आणि मावशी दोन्ही माहीत होतील. खाऊ न्या, औषध न्या. आणि चष्मा न्यायला विसरू नका.